स्त्रियांचें पुढारीपण
(धर्मग्रामाच्या ज्युबिलीनिमित्त सांडोर येथें भरलेल्या सभेंतील व्याख्यान)



ज्युबिलीच्या ह्या सभांमध्यें आम्हीं कशावर बोलावें, असें व्यवस्थापक मंडळीस विचारलें, तेव्हां "आपल्या पूर्वजांची श्रद्धा" हा विषय सुचविण्यांत आला. विषय उत्तम आहे; पण त्यावर आधींचे दोन वक्ते बोलून गेले आहेत व आमच्याहून चांगले बोलले आहेत. म्हणून आम्हीं निराळा विषय घेतला आहे. सणाच्या दिवसांत तो कांहींना थोडा कडवट लागेल, तरी गोडधोड पुष्कळ झालें आहे. येथें उभें राहून पाहतांना आम्हांस असें दिसतें कीं, मंडपांतील श्रोत्यांत निम्म्याहून अधिक भगिनी आहेत, आणि व्यासपीठावर मांडलेल्या आठ खुर्च्यांपैकीं एकीवर एक धर्मभगिनी बसल्या आहेत. बाकीच्या सात पुरुषांनीं भरल्या आहेत. वर्गणी घरोघर फिरून कोणीं गोळा केली, मंडपामागें रांधण्याचें काम कोण करीत आहे, हें तुम्हांस आमच्यापेक्षां अधिक ठाऊक आहे. कोणास दोष देण्यासाठीं आम्ही हें बोलत नाहीं. ही विषमता घडते कशी आणि टिकते कशी, एवढेंच आज पाहावयाचें आहे.

स्त्रीला पुढारीपण करतां येत नाहीं, असें आज कोणी सभ्य मनुष्य उघडपणें म्हणत नाहीं. शाळेच्या बक्षीससमारंभांत मुलींचीं नांवें पुकारलीं जातात तेव्हां सर्वांत मोठ्यानें टाळ्या बापच वाजवितात. मग गाडी अडते कोठें? आमचें मत असें आहे कीं, अडथळ्यानें आपला वेष बदलला आहे. पूर्वीं तो "तूं बाई आहेस" असें तोंडावर म्हणत असे. आतां तो अर्ज घेऊन येतो, नियमाचें पोटकलम घेऊन येतो, सभेची वेळ घेऊन येतो, आणि बोलतो फार गोड. उघड्या शत्रूस उत्तर देतां येतें. अर्जाला उत्तर देण्यास कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

ह्याचें एक उदाहरण आपल्याच राज्यांत घडलें आहे, आणि तें सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत नमूद आहे. जळगांव जिल्ह्यांत विचखेडा नांवाचें गांव आहे. तेथें फेब्रुवारी २०२१ मध्यें मनीषा रवींद्र पानपाटील ह्या सरपंच म्हणून निवडून आल्या. त्यांच्याविरुद्ध कांहीं गांवकऱ्यांनीं तक्रार केली कीं, ही बाई सासूबरोबर ज्या घरांत राहते तें घर सरकारी जमिनीवर अतिक्रमण करून बांधलेलें आहे, सबब तिला पद सोडावयास लावावें. पानपाटीलबाईंचें म्हणणें असें होतें कीं, आपण त्या घरांत राहतच नाहीं. नवरा व मुलें ह्यांच्यासह वेगळ्या भाड्याच्या घरांत राहतों, आणि तें जुनें घर तर मोडकळीस आलेलें आहे. कोण कोठें राहतें, ही गोष्ट एखादा तलाठी एका दुपारीं जाऊन पाहून येईल इतकी सोपी. पण तशी नीट चौकशी न होतांच जिल्हाधिकाऱ्यांनीं त्यांना अपात्र ठरविलें. विभागीय आयुक्तांनीं तो हुकूम कायम केला. उच्च न्यायालयानेंही २०२३ सालीं त्यांचा अर्ज फेटाळला. शेवटीं २७ सप्टेंबर २०२४ रोजीं न्यायमूर्ति सूर्य कांत व न्यायमूर्ति उज्ज्वल भुइयां ह्यांनीं तो अपात्रतेचा हुकूम रद्द केला व बाईंना मुदत संपेपर्यंत पदावर राहूं द्यावें असें सांगितलें.

त्या निकालांत न्यायाधीशांनीं आडपडदा ठेवला नाहीं. एक स्त्री सरपंच झाली, ती गांवाच्या वतीनें निर्णय घेणार व आपल्याला तिचें ऐकावें लागणार, हें गांवांतील कांहींच्या पचनीं पडलें नाहीं. दुसरा कोणताही गैरप्रकार हातीं लागेना म्हणून हें कारण शोधून काढलें गेलें, अशा आशयाचें त्यांनीं लिहिलें आहे. सरकारी अधिकाऱ्यांनीं सर्व पायऱ्यांवर किती हलगर्जीपणा दाखविला, ह्यावरही त्यांनीं बोट ठेवलें, आणि ग्रामीण भागांतील स्त्री किती झगडून अशा पदापर्यंत पोंचते ह्याचें स्मरण दिलें.

आतां तुम्ही लक्षपूर्वक पाहा. तक्रारीच्या कागदावर "स्त्री" हा शब्द आक्षेप म्हणून कोठेंही नव्हता. अतिक्रमण करणाऱ्यानें गांवाचा कारभार करूं नये, हा नियम मुळांत चांगला आहे. आम्ही वसईकर तर सरकारी जमिनी व पाणथळ जागा कशा गिळल्या जातात हें रोज पाहतों, आणि हा नियम सर्वत्र इतक्याच तत्परतेनें लावला जाता तर आमच्या तालुक्याची भूमि आज निराळी दिसली असती. चांगला नियम वांकड्या हेतूनें उचलला कीं त्याचें हत्यार होतें. आणि हें हत्यार चालविणारे थोडे असले, तरी चौकशी न करतां शिक्का मारणारे पुष्कळ लागतात. त्या गांवांतील मतदारांनीं जी खुर्ची मतांनीं दिली, ती टिकविण्यासाठीं एका खेड्यांतील बाईला दिल्लीपर्यंत जावें लागलें. किती जणी जाऊं शकतील?

राज्यघटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ पासून अमलांत आली, तेव्हांपासून पंचायतींत एकतृतीयांश जागा स्त्रियांच्या झाल्या. महाराष्ट्रानें २०११ सालीं त्या निम्म्या केल्या. आमच्या कायद्यांत आणखी एक सोय आहे: स्त्रियांसाठीं राखीव असलेल्या सरपंचपदावरील स्त्रीवर अविश्वास आणावयाचा तर तीनचतुर्थांश बहुमत लागतें. एवढी तटबंदी कायद्यानें बांधली, ह्याचा अर्थ वेढा केवढा असेल तें ओळखा. आणि तटाच्या आंतून होणारा प्रकार तर सर्वांच्या परिचयाचा आहे. खुर्चीवर बाई, सही बाईची, पण बोलणें नवऱ्याचें. ह्याला लोक हंसत हंसत "सरपंचपति" म्हणतात. केंद्र सरकारच्या पंचायतराज मंत्रालयानें ह्या प्रकाराचा विचार करण्यासाठीं समिति नेमली, व २०२५ सालीं तिनें आपल्या अहवालांत अशा तोतया कारभारास जबर दंड असावा असें सुचविलें. दंड होवो, पण नवरा दारांतून आंत येतो तो बाकीचे सभासद त्याला वाट देतात म्हणून, ग्रामसेवक कागद त्याच्यापुढें सरकवितो म्हणून. आणि पुढें तेच लोक म्हणतात, "पाहा, बाईला कांहीं समजत नाहीं."

"आपले लोक अजून तयार नाहींत," असें एक उत्तर नेहमीं मिळतें. आम्हांस हें उत्तर खरें वाटत नाहीं, आणि त्याचें कारण ह्याच जिल्ह्यांत आहे. १९४५ सालीं तेव्हांच्या ठाणें जिल्ह्यांत, डहाणू व उंबरगांव ह्या तालुक्यांत, वारली लोक वेठीविरुद्ध उठले, तेव्हां त्यांना उभें करणाऱ्यांत गोदावरी परुळेकर ही पुण्याकडील शिकलेली बाई आघाडीवर होती. त्यांचा पक्ष व आमची श्रद्धा ह्यांत अंतर आहे. तें आम्ही झांकीत नाहीं. परंतु ज्या आदिवासींना अडाणी म्हणून आपण नाकें मुरडतों, त्यांनीं "ही बाई आहे, हिचें कसें ऐकावें" असें विचारलें नाहीं. त्या लढ्यावर बाईंनीं लिहिलेल्या "जेव्हा माणूस जागा होतो" ह्या पुस्तकास पुढें साहित्य अकादमीचें पारितोषिक मिळालें, व त्या अखिल भारतीय किसान सभेच्या अध्यक्षाही झाल्या. तयार नसतात ते बहुधा ज्यांच्याकडे आधींच खुर्ची आहे ते.

दुसरें उत्तर असें कीं, आधीं पात्रता मिळवावी, मग अधिकार आपोआप येईल. नाशिकास १८६६ सालीं एका ख्रिस्ती कुटुंबांत जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी ह्यांनीं पात्रता मिळविण्यांत कोणती कसर ठेविली? त्या मुंबई विश्वविद्यालयाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर. १८९२ सालीं ऑक्सफर्ड येथें त्यांनीं कायद्याची परीक्षा दिली. स्त्री म्हणून पदवी मात्र मिळाली नाहीं, ती १९२२ सालीं मिळाली. हिंदुस्थानांत स्त्रियांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा १९२३ सालीं झाला, तोंवर पडदानशीन स्त्रियांच्या इस्टेटींची कामें पाहणाऱ्या ह्या बाईंना कोर्टांत वकील म्हणून उभें राहण्यास रीतसर हक्क नव्हता. परीक्षा व हक्क ह्यांमध्यें तीस वर्षें गेलीं. तितक्या काळांत एखाद्या पुरुषाची वकिली सुरू होऊन तो न्यायाधीश होऊन निवृत्तही झाला असता.

आतां जरा आपल्या दाराशीं येऊं. वसईची स्त्री व्यवहारांत कच्ची आहे असें म्हणणाऱ्यानें वसई पाहिलेलीच नाहीं. ह्या भागांतील भाजी, केळीं व फुलें डोक्यावर घेऊन पहांटेच्या गाडीनें मुंबईस जाणाऱ्या आमच्या आया व आज्या होत्या. भाव त्या करीत, उधारी त्या लक्षांत ठेवीत, मुलांची फी त्या पदराच्या गांठींतून सोडीत. हरित वसईच्या चळवळींतील मोर्चांत लुगडीं नेसलेल्या स्त्रिया मोठ्या संख्येनें चालल्या. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्यामागें त्या उभ्या राहिल्या म्हणून ती चळवळ उभी राहिली, असें म्हटल्यास त्या दिवंगत धर्मगुरूंचा अवमान होणार नाहीं. परंतु चळवळीचे पुढारी कोण, असें विचारलें तर चटकन् आठवतात तीं नांवें पुरुषांचीं.

सहकाराचीही तीच कथा. आपल्या समाजानें सहकारांत मोठें काम केलें आहे, मोन्सेन्यॉर पी. जे. मोनीस ह्यांनीं १९१८ सालीं लावलेलें बॅसिन कॅथॉलिक बँकेचें रोप तुम्हां सर्वांच्या अंगणांत सांवली देत आहे. सहकारी संस्थांच्या संचालक मंडळावर स्त्रियांसाठीं दोन जागा राखून ठेवाव्या, असें महाराष्ट्राचा कायदा सांगतो. मंडळ एकवीस जणांपर्यंतचें असूं शकतें. दोन ही संख्या कायद्यानें खालची मर्यादा म्हणून घातली. व्यवहारांत बहुतेक ठिकाणीं तीच वरची मर्यादा होऊन बसते. आम्ही येथें कोणत्याही एका संस्थेविषयीं बोलत नाहीं. पण एखादी भगिनी सर्वसाधारण जागेसाठीं अर्ज भरूं लागली कीं तिला प्रेमानें सांगतात, "बाई, तुमच्या दोन जागा आहेत ना, तिकडे भरा, इकडे कशाला एखाद्याची जागा अडवितां?" जणूं उरलेल्या एकोणीस जागांवर "पुरुषांसाठीं राखीव" अशी पाटी आहे! ती पाटी कायद्यांत नाहीं. ती आपल्या डोळ्यांत आहे.

आपल्या बोलण्यांतही दोन मापें आहेत. सभेंत पुरुष मोठ्यानें बोलला तर तो स्पष्टवक्ता. बाई बोलली तर तोंडाळ. त्यानें हिशेब मागितला तर दक्ष, तिनें मागितला तर संशयी. तो रात्रीं दहा वाजतां घरीं आला तर समाजासाठीं झिजतो, ती साडेआठला आली तर "घरांत लक्ष नाहीं." आणि हें माप लावण्यांत सासवा, नणंदा व शेजारणी पुरुषांच्या मागें नाहींत, हेंही ह्या ठिकाणीं सांगितलें पाहिजे, जरी त्यामुळें समोरच्या बांकांवर कुजबूज सुरू झालेली आम्हांस दिसत आहे. म्हणून आम्ही तुम्हांस एक साधी कसोटी सुचवितों. एखाद्या स्त्रीविरुद्ध आक्षेप आला कीं त्या आक्षेपांत तिच्या जागीं एखाद्या पुरुषाचें नांव घालून वाचून पाहावा. तरीही तो आक्षेप जोरकस वाटला तर त्याची अवश्य चौकशी करावी. हंसूं आलें तर कागद फाडून टाकावा. विचखेड्याच्या प्रकरणांत पहिल्याच कचेरीनें ही कसोटी लावली असती तर साडेतीन वर्षें वांचलीं असतीं.

आतां तुमच्यांपैकीं कांहीं जण मनांत म्हणत असतील, "फादर, ख्रिस्तसभेचें काय?" प्रश्न रास्त आहे. गुरुदीक्षा ख्रिस्तसभा पुरुषांनाच देते; त्यावर येथें व्याख्यान देण्याचा आमचा विचार नाहीं. परंतु त्या एका दाराआड उभें राहून बाकीचीं सर्व दारें लावून घेणें ही लबाडी आहे. धर्मग्रामांतील किती कामांना गुरुदीक्षा लागते? मिस्सा अर्पिण्यास लागते, पापनिवेदन ऐकण्यास लागते. जमाखर्च पाहण्यास लागत नाहीं. शाळेच्या समितीवर बसण्यास, दफनभूमीची व्यवस्था पाहण्यास, सणाच्या कमिटीचें अध्यक्षपद भूषविण्यास लागत नाहीं.

आणि आमच्या आईनें, ख्रिस्तसभेनें, हीं दारें अलीकडे एकामागून एक उघडलीं आहेत. भारतांतील बिशपांनीं २००८ सालीं जमशेदपूर येथें स्त्रियांच्या सबलीकरणावर आपलें अधिवेशन भरविलें व २०१० सालीं स्त्रीपुरुषसमतेचें धोरण छापून प्रसिद्ध केलें. वेदीजवळ वाचन स्त्रिया पूर्वींपासून करीत होत्या, पण वाचकाची कायमची सेवापदवी पुरुषांनाच मिळे; पोप फ्रान्सिस ह्यांनीं जानेवारी २०२१ मध्यें तो नियम बदलला. २०२३ च्या सिनडांत पन्नासाहून अधिक स्त्रियांनीं मत दिलें. तोंपर्यंत एकीलाही मत नव्हतें. ६ जानेवारी २०२५ रोजीं सिस्टर सिमोना ब्रांबिला ह्यांची संन्यस्त जीवनाच्या रोममधील खात्यावर प्रमुख म्हणून नेमणूक झाली. अशा खात्याच्या प्रमुखपदीं स्त्री येण्याची ही पहिलीच वेळ. त्यांच्या जोडीला एका कार्डिनलांचीही नेमणूक झाली, हें खरें. रोमलाही संवय व्हावयास वेळ लागतो.

आविलाच्या संत तेरेजाचें स्मरण येथें होतें. पोर्तुगिजांना वसई मिळाली १५३४ सालीं. तेव्हां ती एकोणीस वर्षांची होती. पुढें तिनें स्पेन देशांत खेचरांच्या गाडीनें फिरून सतरा मठ स्थापिले, जमिनी विकत घेतल्या, दस्तऐवज केले, कर्जें फेडलीं. त्या देशांतील पोपसाहेबांच्या वकिलानें, फेलिपे सेगानें, तिचें वर्णन केलें तें चंचल व भटकी बाई म्हणून, जी आज्ञा मोडून दुसऱ्यांना शिकवावयास निघाली आहे. १६२२ सालीं ती संत झाली. १९७० सालीं तिला ख्रिस्तसभेची आचार्या म्हणून गौरविलें. स्त्रियांमध्यें तो मान पहिला तिचा. आमच्या गांवांत महिला मंडळाच्या कामासाठीं दुपारीं बाहेर पडणाऱ्या सुनेला "कोठें भटकावयास निघालीस?" असें विचारणाऱ्यांनीं आपण कोणाच्या पंक्तीस बसतों तें पाहून घ्यावें.

आतां ह्या धर्मग्रामापुरतें. धर्मसभेच्या कायद्याप्रमाणें प्रत्येक धर्मग्रामास अर्थसमिति असावीच लागते, व तिच्यांत प्रापंचिक स्त्रीपुरुष दोघेही बसूं शकतात. आमच्याकडे तिची सभा आजवर सायंकाळीं साडेसात वाजतां भरत आली आहे. ही वेळ ज्यांनीं ठरविली त्यांनीं वाईट हेतूनें ठरविली नाहीं. ते नोकरीवरून त्याच वेळीं परततात. पण त्याच वेळीं चुलीवर भात असतो, मुलांचा अभ्यास असतो, रोझरी असते. त्या घटकेला बाहेर पडूं शकते ती व्यक्ति कोण, हें घड्याळच ठरवितें. निवडणूक घेण्याची गरज उरत नाहीं. ह्यापुढें ती सभा रविवारीं दुसऱ्या मिस्सेनंतर भरेल, व सभा चालू असेपर्यंत मुलांना धर्मशिक्षणाच्या वर्गांत बसविण्याची व्यवस्था तरुण मंडळानें पत्करली आहे. इतिवृत्त लिहिण्याचें काम भगिनीकडेच जावें असा जो रिवाज सर्वत्र पडला आहे, तोही येथें राहणार नाहीं. तें काम पाळीपाळीनें होईल. ज्यांचें अक्षर चांगलें नाहीं त्या बंधूंनीं आतांपासून सराव करावा.

अर्थसमितीच्या नव्या मुदतीसाठीं नांवें ह्या महिनाअखेरपर्यंत कार्यालयांत द्यावीं. स्त्रियांसाठीं वेगळ्या जागा आम्हीं मुद्दाम ठेवलेल्या नाहींत; सर्व जागा सर्वांच्या आहेत. नांव द्यावयास आलेल्या भगिनीस "घरीं विचारलेंत का?" असा प्रश्न करण्याची कार्यालयांत पद्धत आहे, असें आमच्या कानीं आलें. हा प्रश्न ठेवावयाचाच असेल तर तो नांव देणाऱ्या प्रत्येक बंधूलाही विचारावा, आणि त्याचें उत्तर नोंदवहींत लिहून घ्यावें, अशी सूचना आम्हीं कालच देऊन ठेविली आहे.